ग्राफिंग कॅल्क्युलेटर रिसेट करायचाय, पण दादाचे प्रोग्राम उडाले तर?

आकडेमोड (धागाकर्ती), रात्री ८:५२

नमस्कार मंडळी,

मामेभावाने (म्हणजे दादाने) त्याचा टीआय-८४ प्लस, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा, मला दिलाय. रंगीत पडद्याचा नाही, चार सेलवाला जुना. गेल्या वर्षीपर्यंत तो वापरत होता. दिसायला ठणठणीत, बेरीज-वजाबाकी करतो, पण बाकी सगळा आनंद आहे.

कुठलाही आलेख काढायला गेलं की 'एरर: इनव्हॅलिड डिम' येतं. वाय बरोबर एक्स एवढं साधं दिलं तरी तेच. उत्तरं दोनच दशांश स्थळांपर्यंत येतात. साइन ३० विचारलं तर उणे ०.९९ म्हणतो. ०.५ यायला हवं एवढं तर मलाही येतं. आणि आकडे भरायच्या तक्त्यात एल१ हा रकानाच नाही, थेट एल२ पासून सुरुवात!

तर प्रश्न असा की हा नवा होता तसा परत कसा करायचा? एकच अट आहे. दादाने त्यात बरेच प्रोग्राम लिहून ठेवलेत आणि 'उडवू नकोस हां' असं तीनदा बजावलंय. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

बत्तीसमार_खान, रात्री ९:०५

सोपं आहे. मेमरीच्या मेनूत जा, रिसेट, ऑल, येस. दोन मिनिटांचं काम. नव्यासारखा होईल. प्रोग्राम काय, परत लिहिता येतात.

---

तिरका_अक्ष, रात्री ९:०९

सेल काढून रात्रभर ठेवा, आपोआप रिसेट होतो. माझ्या जुन्या कॅल्क्युलेटरचं असंच झालं होतं.

---

जुना_झेड८०, रात्री ९:३१

आकडेमोड, अजून काही दाबलं नसेल तर हात बाजूला ठेवा आणि हे वाचा. वर 'ऑल' सुचवलंय ते तर अजिबात दाबू नका. खानसाहेब, हलकेच घ्या, पण पायात काटा रुतला म्हणून पाय कापायचा सल्ला आहे हा.

या यंत्रात रिसेट नावाची एक गोष्ट नाही, चार-पाच आहेत, आणि कुठली काय पुसते हे कळल्याशिवाय त्या मेनूत जाऊ नये.

आधी आतली रचना. टीआय-८४ प्लसमध्ये साठवायच्या दोन जागा आहेत. एक रॅम, वापरायला साधारण २४ केबी. चालू कामाचं सगळं तिथे: याद्या, मॅट्रिक्स, चलं, आणि मुद्दाम हलवले नसतील तर प्रोग्रामही. दुसरी जागा म्हणजे आर्काइव्ह, साधारण ४८० केबी. ही फ्लॅश मेमरी आहे, वीज गेली तरी तिथलं जात नाही. प्रोग्राम आर्काइव्हमध्ये असेल तर यादीत त्याच्या नावाआधी छोटा तारा दिसतो. दादाचे प्रोग्राम तारांकित आहेत की नाहीत, यावर तुमची रात्रीची झोप अवलंबून आहे.

आता रिसेटचा रस्ता. सेकंडचं बटण, मग अधिकाचं बटण (त्याच्यावर निळ्यात 'मेम' लिहिलंय), मग ७. वरच्या ओळीत तीन कप्पे दिसतील: रॅम, आर्काइव्ह, ऑल. रॅमच्या कप्प्यात दोन पर्याय आहेत, १ म्हणजे 'ऑल रॅम' आणि २ म्हणजे 'डिफॉल्ट्स'. त्यानंतर यंत्र एकदा विचारतं, तिथे १ नको, २ हो.

म्हणजे ७-२-२ दाबलंत तर फक्त सेटिंग मूळची होतात. मोड, विंडो, आलेखाची मांडणी, सगळं कारखान्यातून निघालं तसं, आणि साठवलेली माहिती व प्रोग्राम जागच्या जागी. ७-१-२ दाबलंत तर रॅममधलं सगळं साफ. एका आकड्याचा फरक! ज्याने हा मेनू रचला त्याने कधी घाईत बटणं दाबली नसावीत.

आर्काइव्हच्या कप्प्यात चलं, अ‍ॅप किंवा दोन्ही पुसायची सोय आहे. ऑल म्हणजे हे सगळं एकदम. अ‍ॅप गेले तर ते कंपनीच्या साइटवरून उतरवून संगणकातून परत घालता येतात. दादाचे प्रोग्राम कुठल्याही साइटवर नाहीत.

तुमच्या तक्रारींकडे येतो, जेवण झालं की. त्यातल्या एकीलाही रिसेट लागत नाही.

---

मूक_वाचक, रात्री ९:३८

वाखुसा (वाचनखूण साठवली). माझ्याकडे हे यंत्र नाही, पण तारांकित प्रोग्राम वाचून मजा आली.

---

जुना_झेड८०, रात्री १०:१४

हां, तर.

इनव्हॅलिड डिम: यंत्र बिघडलेलं नाही, ते तुम्हाला न सांगता दुसरंच काम करू पाहतंय. दादाने कधीतरी संख्याशास्त्राचा आलेख काढला असणार आणि 'प्लॉट१' चालू राहिला असणार. आता तुम्ही वाय बरोबर एक्स मागितलं की यंत्र त्याच्याबरोबर तो जुना प्लॉटही काढायला जातं, त्याची यादी रिकामी सापडते, मग अडून बसतं. वाय-इक्वल्सचं बटण दाबा. सगळ्यात वरच्या ओळीत प्लॉट१, प्लॉट२, प्लॉट३ लिहिलेलं असतं. त्यातला जो काळ्या पट्टीत दिसतोय तिथे कर्सर नेऊन एंटर दाबा, पट्टी जाईल. संपलं. या एका एररपायी किती कॅल्क्युलेटर उगाच पुसले गेले असतील याचा हिशोब नाही.

एल१ गायब: तक्त्यात रकान्याच्या नावावर उभं राहून क्लिअरऐवजी डिलीट दाबलं की रकाना तक्त्यातून उठून जातो. यादी मेमरीत असतेच, फक्त दिसत नाही. स्टॅट, मग ५ (सेटअप एडिटर), मग एंटर. एल१ ते एल६ परत ओळीने उभे राहतील.

दोन दशांश स्थळं: मोडमध्ये दुसऱ्या ओळीत 'फ्लोट' आणि पुढे ० ते ९ आकडे आहेत. तिथे २ निवडलेला असणार. फ्लोटवर जाऊन एंटर.

साइन ३० ची गंमत मुद्दाम शेवटी ठेवली. उणे ०.९९ म्हणजे खरं उणे ०.९८८, तुमच्या यंत्राने दोन स्थळांत बसवलंय. ३० रेडियनचा (रेडियन म्हणजे कोन मोजायचं दुसरं एकक) साइन तेवढाच येतो, म्हणजे उत्तर चुकलेलं नाही, फक्त तुमच्या मनातले ते अंश आणि यंत्राच्या मनातले रेडियन. आणि इथेच मेख आहे: या यंत्राचं मूळ सेटिंगच रेडियन आहे. अख्खी मेमरी धुऊन काढलीत तरी रिसेटनंतर साइन ३० उणे ०.९८८च येणार! मोडमध्ये जाऊन डिग्रीवर एंटर दाबणं हा एकच इलाज.

अवांतर: यातला झेड८० प्रोसेसर मुळात १९७६ सालचा. ८४ प्लस आला २००४ मध्ये. माझ्या आयडीचं कोडं सुटलं असेल.

---

तिरका_अक्ष, रात्री १०:२०

मग माझ्या सेल काढण्याला काही अर्थ नाही म्हणता?

---

जुना_झेड८०, रात्री १०:२९

अर्थ आहे, पण तुम्हाला वाटतो तो नाही. ८४ प्लसमध्ये चार ट्रिपल-ए सेल असतात आणि शिवाय एक गोल बटण-सेल असतो, एका छोट्या झाकणाखाली स्क्रूने बंद केलेला. मोठे सेल बदलताना रॅम जिवंत ठेवणं हे त्या चिमुकल्याचं काम. म्हणून नुसते चार सेल काढून ठेवले तर बहुतेक वेळा काहीच होत नाही. बटण-सेलही मेलेला असेल तर मात्र रॅम जाते. तुमचं तेच झालं असणार. त्याला रिसेट नाही, अपघात म्हणायचं.

म्हणूनच सेल बदलताना दोन्ही प्रकारचे एकदम काढू नयेत. आधी एक, मग दुसरा.

---

कॅसिओवादी, रात्री १०:४१

टीआयवाल्यांचं हे सात-दोन-दोन बघून हसू येतं. आमच्या एफएक्स-९८६० आणि सीजी५० कडे बघा. मेनू, त्यात सिस्टिम, मग एफ५ म्हणजे रिसेट. पुढे प्रत्येक एफ बटणाखाली काय पुसणार ते लिहिलेलं: एफ१ फक्त सेटअप, एफ२ मुख्य मेमरी, एफ३ अ‍ॅड-इन (वरून घातलेली जादा अ‍ॅप), एफ४ साठवणीची मेमरी. एफ६ दाबून पुढच्या पानावर गेलं की सगळं एकदम पुसायचा पर्याय. विचारतो, एफ१ ने हो म्हणायचं. चुकून काही होतच नाही.

आणि हे यंत्रच मुळात आमचं. पहिला ग्राफिंग कॅल्क्युलेटर कॅसिओचा एफएक्स-७०००जी, १९८५. टीआय-८१ आला १९९० मध्ये.

---

जुना_झेड८०, रात्री १०:४६

मान्य, पहिला मान तुमचाच. त्या ७०००जी मध्ये प्रोग्रामांसाठी ४२२ बाइट होते. तुमचा हा प्रतिसाद त्यात मावला नसता. :)

पण चुकून काही होत नाही हे तितकंसं खरं नाही. तुमच्याकडे एफ१ चा अर्थ पहिल्या पडद्यावर 'सेटअप' आणि पुढच्यावर 'हो'. दोनदा एफ१ दाबायची सवय बोटांना लागते. सेटअपपुरतं ठीक, पण एफ२ नंतरही एफ१ तितक्याच सहज दाबला जातो.

---

उलटी_पोलिश, रात्री १०:५८

आमचा ग्राफिंग कॅल्क्युलेटर एचपी ५०जी. ऑन आणि एफ३ एकत्र: गरमागरम रीस्टार्ट, माहिती शाबूत. ऑन, एफ१, एफ६ एकत्र: मेमरी परत मिळवायचा प्रयत्न करू का असं विचारतो. नाही म्हटलं की गेली.

आमच्या उलट्या पोलिश पद्धतीत आधी आकडे टाकायचे, मग क्रिया. आधी बॅकअप, मग रिसेट. आमच्यात सगळंच या क्रमाने.

---

आकडेमोड, रात्री ११:१०

झेड८० काका (चालेल ना काका म्हटलं तर?), दंडवत! प्लॉट१ खरंच काळ्या पट्टीत होता. आलेख आला!! एल१ परत आला, दशांश स्थळं आली, साइन ३० = ०.५. म्हणजे मला रिसेट लागतच नव्हता.

पण आता मोठा घोळ झालाय. तुम्ही तारे बघायला सांगितलेत म्हणून मी प्रोग्रामचं बटण दाबून यादी उघडली. अकरा प्रोग्राम आहेत, एकालाही तारा नाही. त्यात एक 'झेडझेड' नावाचा होता. काय आहे बघू म्हणून चालवला, तर पडद्यावर तुम्ही सांगितलेला तो रिसेटचा मेनू आला. मला वाटलं प्रोग्राम बंद झाला आणि माझ्या हातून चुकून मेनू उघडला. बाहेर पडायला म्हणून २ दाबलं, आणि 'रॅम क्लिअर्ड' असं आलं!!!

दादाला काय सांगू आता? यंत्राला हात लावायची भीती वाटतेय.

---

बत्तीसमार_खान, रात्री ११:१३

शेवटी केलंतच ना रिसेट. मग माझं ऐकायला काय हरकत होती?

---

मूक_वाचक, रात्री ११:१४

अरेरे. :(

---

फळा_आणि_खडू, रात्री ११:२२

आकडेमोड, रडू नका. माझी पंचवीस वर्षं वर्गात गेली आहेत आणि परीक्षेच्या दारात उभं राहून मी असे शेकडो कॅल्क्युलेटर तपासलेत. दादाने लिहिलेला तो झेडझेड कशासाठी आहे ते मला बसल्या जागी कळलं.

एक काम करा. होम स्क्रीनवर या, साइन ३० परत विचारा. काय येतं?

---

आकडेमोड, रात्री ११:२५

०.५

---

फळा_आणि_खडू, रात्री ११:३३

मग काहीही पुसलं गेलेलं नाही. रॅम खरंच साफ झाली असती तर यंत्र रेडियनवर गेलं असतं आणि वर काकांनी सांगितलेलं उणे ०.९८८ आलं असतं. तुमचं डिग्री सेटिंग जागेवर आहे, म्हणजे प्रोग्रामही जागेवर आहेत. यादी उघडा, अकराच्या अकरा दिसतील.

झेडझेड हा खोट्या रिसेटचा प्रोग्राम आहे. काही परीक्षांत आत सोडण्याआधी विद्यार्थ्यांना मेमरी साफ करून दाखवायला लावतात. मुलांनी त्यावर शोधलेला हा तोड. प्रोग्राम पडद्यावर हुबेहूब मेनू काढतो, २ दाबलं की 'रॅम क्लिअर्ड' छापतो आणि आत सूत्रं सुखरूप राहतात. पाच-सहा ओळींचं काम आहे. पर्यवेक्षक मान डोलावतो, पोरगं आत जातं.

मी पहिली दोन वर्षं फसलो. मग एक युक्ती सुचली. मुलांच्या हातातून यंत्र घ्यायचं, मोडमध्ये जाऊन मूळ सेटिंग नाही असं काहीतरी स्वतः निवडायचं, मग सांगायचं, हां, आता कर रिसेट. खरा रिसेट झाला तर माझं सेटिंग उडतं. नाटक असेल तर ते तसंच राहतं आणि पोराचा चेहरा पडतो. अ या चलात एखादी संख्या साठवून ठेवली तरी तेच काम होतं, खऱ्या रिसेटनंतर तिथे शून्य येतं.

(फळ्यासमोर 'ए'ला 'अ' म्हणायची वर्गातली सवय, समजून घ्या.)

---

आकडेमोड, रात्री ११:३७

अकराच्या अकरा आहेत!!! जीव भांड्यात पडला.

दादाला आत्ताच फोन केला. पाच मिनिटं नुसता हसत होता. म्हणे, 'तुला पकडलं म्हणजे अजून चालतो तर.'

---

कॅसिओवादी, रात्री ११:४०

सर, पण आता परीक्षेसाठी वेगळा मोड आलाय ना? मग रिसेट कशाला करायला लावता?

---

फळा_आणि_खडू, रात्री ११:५१

बरोबर. आता बहुतेक ठिकाणी त्यावरच भर असतो, नियम अर्थात परीक्षेगणिक वेगळे. टीआय-८४ प्लसमध्ये यंत्र बंद करून डावा बाण, उजवा बाण आणि ऑन एकत्र दाबून धरले की परीक्षेचा मोड सुरू होतो. त्यात साठवलेले प्रोग्राम आणि अ‍ॅप कुलूपबंद होतात. परीक्षा झाल्यावर दुसऱ्या कॅल्क्युलेटरला किंवा संगणकाला केबलने जोडून मोड काढायचा. टीआयच्याच एन्स्पायर या दुसऱ्या यंत्रात वरचा दिवा लुकलुकतो, त्यामुळे शेवटच्या बाकावरूनही कळतं. तुमच्या कॅसिओत तो मोड १२ तासांनी आपोआप उतरतो, ही सोय मला आवडते. केबल विसरलेल्या पोरांची संध्याकाळ वाचते.

मला विचाराल तर मोड आला हे मुलांच्या दृष्टीनेही चांगलं झालं. पूर्वी परीक्षेच्या दारात वर्षभराची कष्टाची टिपणं, स्वतः लिहिलेले प्रोग्राम, अगदी खेळसुद्धा कायमचे पुसावे लागायचे. मग खोटा रिसेट लिहिणाऱ्यावर मी रागवायचो खरा, पण ज्याने तो स्वतः लिहिला त्याला प्रोग्रामिंग येतं हेही दिसायचं. दुसऱ्याकडून केबलने ढापून आणणाऱ्यांचा राग जास्त.

---

आकडेमोड, दुसऱ्या दिवशी, सकाळी ७:४८

सुप्रभात. रात्री विचार केला. यंत्र ठीक झालं तरी मला एकदा खरा रिसेट करायचाच आहे. दादाच्या याद्या, मॅट्रिक्स, काहीबाही चलं, सगळा पसारा आहे. पण प्रोग्राम ठेवायचे. सगळ्यांना एकेक करून तारा द्यायचा का? माझ्याकडे केबल नाही.

---

जुना_झेड८०, सकाळी ८:२०

काका चालेल.

तारा देता येतो: सेकंड, मेम, २, मग ७ ने प्रोग्रामांची यादी, आणि ज्यावर उभं राहाल त्यावर एंटर दाबलं की तारा येतो, परत दाबलं की जातो. पण त्या यादीत डिलीटचं बटण खरंच डिलीट करतं, आणि चहाचा कप हातात असताना एंटर आणि डिलीट यांत फरक राहत नाही. शिवाय तारांकित प्रोग्राम या यंत्रावर थेट चालत नाही, 'एरर: आर्काइव्ह्ड' म्हणतो. दरवेळी बाहेर काढावा लागतो.

त्यापेक्षा गट बांधा. सेकंड, मेम, ८ म्हणजे ग्रुप. नवा गट करा, नाव द्या, मग हवे ते प्रोग्राम निवडून 'डन'. यंत्र सगळ्यांची प्रत आर्काइव्हमध्ये एका गाठोड्यात ठेवतं. मूळ प्रोग्राम रॅममध्ये राहतात. मग बिनधास्त ७-१-२. रॅम साफ झाली की परत ८ मध्ये जा, उजवीकडच्या कप्प्यातून गाठोडं सोडा, अकराही बाहेर.

मध्येच यंत्राने 'गार्बेज कलेक्ट?' असं विचारलं तर घाबरू नका. कचरा म्हणजे तुमचे प्रोग्राम नव्हेत. फ्लॅशमध्ये पुसलेल्या गोष्टींची जागा लगेच मोकळी होत नाही, ती एकदम झाडून घ्यावी लागते. हो म्हणा आणि थांबा. त्या वेळी सेल मात्र दमदार हवेत.

केबल मिळाली तर संगणकावर प्रत ठेवाच. या यंत्राला मिनी-यूएसबीचं तोंड आहे, फोनची केबल बसणार नाही. संगणकावर टीआय कनेक्ट हे सॉफ्टवेअर लागतं. गाठोडं आर्काइव्हमध्ये आहे, आणि उद्या खानसाहेबांसारख्या कुणाच्या हातात यंत्र गेलं आणि त्याने 'ऑल' दाबलं, तर गाठोडंही जाईल.

---

बत्तीसमार_खान, सकाळी ८:३१

मी वाचतोय हां सगळं. बरं, ऑल चुकीचं होतं, मान्य. पण एक विचारतो. ऑल केल्यावर तरी यंत्र अगदी दुकानातून आणलं तसं होतं ना?

---

जुना_झेड८०, सकाळी ८:४४

प्रश्न चांगला काढलात. नाही होत. कार्यप्रणाली आहे तीच राहते. मधल्या काळात कुणी तिची नवी आवृत्ती घातली असेल तर रिसेटनंतरही नवीच. आणि सोबत आलेले अ‍ॅप पुसले गेल्यामुळे उलट दुकानातल्यापेक्षा रिकामं होतं.

कार्यप्रणालीच बिघडली, यंत्र चालूच होईना, तर पुढची पायरी आहे: मागचा एक ट्रिपल-ए सेल काढायचा, डिलीट दाबून धरायचं, सेल परत घालायचा. मग ते नवी कार्यप्रणाली पाठवा असं म्हणत थांबतं आणि केबलने ती द्यावी लागते. गंमत म्हणून करायची ही गोष्ट नव्हे.

नव्या रंगीत ८४ प्लस सीई मध्ये आणि एन्स्पायरमध्ये मागच्या बाजूला बारीक छिद्रात रिसेटचं बटण असतं. अडकलेलं यंत्र त्याने सुटतं. एन्स्पायरवर साठवलेल्या फाइल राहतात, न साठवलेलं चालू काम जातं. पेपरक्लिप सरळ करून हलकेच दाबा. शिसपेन्सिल नको, टोक आत मोडतं. मी मोडलंय.

---

आकडेमोड, सकाळी ९:५५

गट बांधला. नाव 'दादा' द्यायचं होतं, रोमनमध्ये दिलं. ७-१-२ केलं, खरं खरं. आणि आता पडदा पूर्ण कोरा आहे. ऑन दाबून काही दिसत नाही. काका???

---

फळा_आणि_खडू, सकाळी १०:०१

सेकंड दाबून सोडा, मग वरचा बाण दाबून धरा. मेमरी साफ करताना कधी कधी पडद्याचा गडदपणा बदलतो. यंत्र चालूच आहे, फक्त शाई फिकी झालीय. दरवर्षी दोन-तीन मुलं 'सर, बंद पडला' म्हणून घेऊन येतात.

---

आकडेमोड, सकाळी १०:०९

दिसायला लागलं! वर कोपऱ्यात आकडा वाढत गेला, ७ वर थांबले. 'रॅम क्लिअर्ड' लिहिलेलं होतं, या वेळी खरं.

साइन ३० विचारलं, उणे ०.९८८०. किती आनंद झाला म्हणून सांगू, चुकीचं उत्तर बघून! मग डिग्री केलं. गाठोडं सोडलं, अकराही प्रोग्राम आले. एक चालवून बघितला, वर्गसमीकरणाची मुळं काढतो आणि शेवटी दादाचं नाव छापतो.

---

उलटी_पोलिश, सकाळी १०:१५

आधी गट, मग रिसेट. शिकलीस.

---

कॅसिओवादी, सकाळी १०:२२

शंभर प्रतिसाद होतील असं वाटलं होतं, कॅसिओ की टीआय यावर. तुम्ही लोक फार सभ्य निघालात.

---

फळा_आणि_खडू, सकाळी १०:३०

आणि झेडझेड? तोही गाठोड्यात होता ना?

---

आकडेमोड, सकाळी १०:३४

होता, सर. आलाय परत. परीक्षेच्या आदल्या दिवशी काढून टाकीन. तोपर्यंत धाकट्या भावाला एकदा यंत्र हातात द्यायचंय.